हसणारा कोणत्या पक्षाचा?

१७२४ च्या ऑक्टोबर महिन्यात आयर्लंडच्या डब्लिन शहरात एक सरकारी जाहीरनामा लागला. ‘कापडवाल्याचे पत्र’ म्हणून जे चोपडे गावभर फिरत आहे, त्याचा खरा लेखक कोण हे जो सांगेल त्याला तीनशे पौंडांचे इनाम! त्या काळी एवढ्या रकमेत एखाद्या कारागिराचा संसार कित्येक वर्षे सुखाने चालला असता. मौज अशी, की लेखकाचे नाव गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. तिथल्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा मुख्य धर्माधिकारी जोनाथन स्विफ्ट, ज्याला जग पुढे ‘गलिव्हर’चा कर्ता म्हणून ओळखू लागले, त्याचीच ही करणी. सरकारलाही ते उमगले होते. पण शपथेवर तसे सांगणारा एक माणूस हवा होता, आणि तो एक माणूस सबंध डब्लिनमध्ये निघाला नाही. उलट, बायबलातल्या जोनाथनला लोकांनी एकमुखाने मृत्यूच्या दारातून कसे सोडवले, ते वचन तेवढे ज्याच्या त्याच्या तोंडी होऊन बसले!

राजकीय उपहासाचा विषय निघाला, की मला हे कोणीच न घेतलेले तीनशे पौंड आठवतात. आजकाल चार माणसे जमली की एक जण म्हणतो, ‘पूर्वीची थट्टा काय मार्मिक असे! आता सगळा उथळ पाण्याचा खळखळाट.’ दुसरा लगेच उलटून विचारतो, ‘अहो, पूर्वी राजाविरुद्ध ब्र काढण्याची सोय होती का? आता कोणीही उठावे आणि मंत्र्याची टोपी उडवावी!’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघेही पाहतात ते लिहिणाऱ्याकडे. मला वाटते, खरा फरक पडला आहे तो हसणाऱ्यात, म्हणजे तुमच्याआमच्यात. ते कसे, हे जरा सावकाशीने पाहू.

सरकारचीच भाषा

डब्लिनचे प्रकरण तांब्याच्या नाण्यांचे होते. विल्यम वुड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १७२२ साली आयर्लंडसाठी सुमारे एक लाख पौंडांची तांब्याची नाणी पाडण्याचा परवाना मिळवला. तो मुळात राजाच्या मर्जीतल्या एका सरदारणीला मिळालेला होता आणि तिने तो वुडला विकला होता. ज्यांच्या खिशात ही नाणी पडायची, त्या आयरिश लोकांना कोणी विचारलेसुद्धा नाही. स्विफ्टने या अन्यायावर पंडिती ग्रंथ लिहिला नाही. त्याने गज हातात धरून बसलेल्या साध्या कापडवाल्याचे सोंग घेतले आणि गिऱ्हाइकाला हिशेब समजावून द्यावा तसा तो बोलू लागला. असल्या नाण्यांत वसूल करायचा तर एका बड्या जमीनदाराचा सहा महिन्यांचा खंड वाहून आणायला अडीचशे घोडे लागतील, असे त्याचे गणित! वाचणारा हसला आणि हसता हसता सावधही झाला. पत्र छापणाऱ्या हार्डिंगला सरकारने पकडले, पण ज्यूरीने त्याच्यावर आरोप ठेवण्याचेच नाकारले. १७२५ साली परवाना मागे घ्यावा लागला.

पुढे १७२९ साली याच स्विफ्टने एक ‘नम्र सूचना’ प्रसिद्ध केली. त्या काळी देशाचे दारिद्र्य दूर करण्याच्या योजना छापण्याची मोठी हौस होती. स्विफ्टने तीच भाषा उचलली. तीच आकडेवारी, तीच सभ्यता, तोच लोकहिताचा कळवळा! गरिबांची पोरे दरसाल एक लाख वीस हजार. पैकी वीस हजार पैदाशीसाठी राखून ठेवावी आणि उरलेली एक लाख वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटात वाढण्यासाठी विकावी. लेखक कुठेही डोळा मिचकावत नाही. वाचता वाचता अंगावर काटा येतो, आणि मग ध्यानात येते, की जमीनदार या गरिबांना आधीच खाऊन बसले आहेत. हा गृहस्थ फक्त त्याचा दर ठरवतो आहे.

पण स्विफ्ट तेवढ्यावर थांबत नाही. शेवटी तो खरे उपाय एकेक करून मोजतो: परदेशी राहून इथला पैसा उधळणाऱ्यांवर कर बसवा, देशातलेच कापड वापरा, आपापसातली भांडणे सोडा. आणि वर म्हणतो, असल्या अव्यवहारी गोष्टी कृपा करून माझ्यापाशी काढू नका! देशी कापडाचा आग्रह त्याने १७२० सालीच एका पत्रकात धरला होता. आपल्या वंगभंगाच्या स्वदेशीपूर्वी एकशे पंच्याऐंशी वर्षे. लोकांनी तो मानला नव्हता. म्हणजे अर्धा फटका लंडनच्या सरकारला, तर अर्धा डब्लिनच्या वाचकाला. हे विसरता कामा नये.

सरकारी कागदाचे सोंग घेण्याची ही कला आपल्याला परकी वाटू नये. पैठणच्या एकनाथांनी स्विफ्टच्या दीडशे वर्षे आधी भारुडांत ‘अर्जदस्त’, ‘जाबचिठ्ठी’, ‘अभयपत्र’ असे कागद लिहिले. फारसीमिश्रित दरबारी मराठी, अंमलदारांची हांजी हांजी, सारे हुबेहूब. फक्त परगणा म्हणजे आपला देह, अंमलदार म्हणजे जीव आणि बंडाळी माजवणारे म्हणजे कामक्रोधादी विकार. नाथांचा हेतू पारमार्थिक होता, राजकीय नव्हे. पण शेतसाऱ्यासाठी रोज कचेरीचे उंबरठे झिजवणारा कुणबी तो कागद ऐकताना दुहेरी हसला असेल, यात शंका नाही. आणि इथेही गंमत तीच. हसू दरबाराच्या भाषेचे, पण कागद येतो तो ऐकणाऱ्याच्याच नावाने!

नासपतीचा खटला

आता शंभर वर्षे पुढे, पॅरिसला जाऊ. १८३० च्या क्रांतीनंतर लुई फिलिप गादीवर आला आणि वृत्तपत्रांना स्वातंत्र्य देण्याचे वचन त्याने दिले. शार्ल फिलिपाँ नावाच्या संपादकाने ते वचन खरे मानले आणि आपल्या ‘ला कॅरिकॅच्यूर’मधून राजाची थट्टा आरंभली. १८३१ च्या नोव्हेंबरात त्याच्यावर खटला भरला. आरोपीच्या पिंजऱ्यात त्याने कागदावर चार चित्रे काढली. पहिले राजाच्या चेहऱ्याचे, दुसरे जरा गाल सुटलेले, तिसरे आणखी, आणि चौथे म्हणजे चक्क नासपतीचे फळ. ‘पहिले चित्र गुन्हा असेल तर दुसरेही गुन्हा, तिसरेही गुन्हा, मग नासपती काढणेही गुन्हाच ठरवणार काय?’ अशी त्याची तर्काची साखळी. न्यायालयाने त्याला सहा महिने कैद आणि दोन हजार फ्रँक दंड ठोठावला. पण पॅरिसच्या भिंतींवर पोरे खडूने आणि कोळशाने नासपती काढू लागली! चित्रकार ओनोरे दोमिए याने राजाला प्रजेची संपत्ती गिळणारा राक्षस म्हणून रंगवले, आणि १८३२ साली तोही तुरुंगात गेला. १८३४ साली फिलिपाँच्या ‘शारिव्हारी’ या दुसऱ्या पत्राविरुद्ध निकाल लागला. तो पत्रात छापणे भागच होते. त्याने इमानेइतबारे छापला. फक्त ओळी लहानमोठ्या करून मजकुराला आकार दिला नासपतीचा!

१८३५ च्या सप्टेंबरात कायदा आला: चित्र छापण्यापूर्वी सरकारची परवानगी हवी. राजा आता हाताबाहेर गेला. मग दोमिएने काय करावे? त्याने रोबेर माकेर नावाच्या भामट्याला पुढे केले. तो कधी वकील होतो, कधी डॉक्टर, कधी कंपनी काढून भागधारकांना गंडवणारा शेटजी. म्हणजे जी मंडळी पैसे मोजून अंक विकत घेत, त्यांच्याच जगावर हत्यार चालले. तरी त्या मंडळींनी अंक बंद केला नाही. लंडनचे ‘पंच’ १८४१ साली निघाले, ते तर स्वतःला ‘लंडनची शारिव्हारी’ म्हणवून.

पूर्वीचे सगळेच सोने नव्हे

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग पूर्वीचेच बरे होते तर! तसे नाही. इंग्लंडचा जेम्स गिल्रे हा एवढा मोठा व्यंगचित्रकार, पण १७९७ पासून तो पिटच्या सरकारकडून गुपचूप तनखा घेत होता. १८२० साली जॉर्ज क्रुकशँक याने राजाला अश्लील प्रसंगात रंगवू नये म्हणून शंभर पौंड घेतल्याची पावती आहे. लेखणी विकत मिळत असे, कुंचलाही मिळत असे. शिवाय त्या काळची बरीचशी थट्टा प्रतिस्पर्ध्याचे पोट, त्याची बायको आणि त्याचे आजार यांवरच चाले. आपण ज्या चार गोष्टी आठवतो, त्या काळाच्या चाळणीतून खाली न पडता राहिलेल्या. म्हणून जुन्यातले निवडक आणि आजचे सरसकट अशी तुलना करणे हा आजच्या काळावर अन्याय आहे.

पडद्यामागचा कीचक

आपल्या देशात कथा थोडी निराळी. १८७६ च्या प्रारंभी इंग्लंडचा युवराज कलकत्त्यास आला असता जगदानंद मुखर्जी या वकिलांनी त्याला आपल्या घरी बोलावून अंतःपुरात स्वागत करवले. त्यावर ग्रेट नॅशनल थिएटरने प्रहसन उभे केले. व्हाइसरॉयने फेब्रुवारी संपण्यापूर्वी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी नाट्यप्रयोगांचा कायदा झाला. तो राणीच्या राज्यापुरता टिकला असता तर नवल नव्हते. पण स्वातंत्र्यानंतरही सत्तर वर्षे आपल्या पुस्तकांत राहून तो रद्द झाला २०१८ साली!

सरळ बोलता येईना, तेव्हा आपली माणसे पुराणांकडे वळली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. विराटाच्या दरबारातला उन्मत्त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, विटंबना सोसणारी सैरंध्री म्हणजे हा देश, सबुरीचा सल्ला देणारा धर्मराज म्हणजे नेमस्त आणि दात ओठ खाणारा भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कोणी समजावून द्यावे लागले नाही. हे नाटक काही विनोदी नव्हे. पण उपहासाची जी मूळ विद्या, एक दाखवून दुसरे सांगण्याची, ती यात पुरेपूर होती. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. नाटक महाभारतातले, मग सरकारला बोचले काय? अंधारात बसलेल्या प्रेक्षकाला जे कळत होते, ते! डब्लिनच्या गप्प बसणाऱ्या माणसासारखाच आमचा हा टाळी देणारा प्रेक्षकही कटात सामील होता.

आपल्याच घरचा आहेर

स्वातंत्र्य आले आणि पेच बदलला. आता राजा परका नव्हता. आपणच निवडून दिलेला. १९४८ साली दिल्लीत ‘शंकर्स वीकली’ सुरू झाले, त्याच्या उद्घाटनालाच पंडित नेहरूंनी शंकरना, माझीही गय करू नका, असे बजावले. शंकरनी ते शब्दशः पाळले. महाराष्ट्रात १९६० च्या दशकात वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके हवालदार होऊन आले. राजा, प्रधान, कोतवाल हे वगातले जुनेच. पण त्यांच्या तोंडून त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचा समाचार निघे, आणि थिएटरात सर्व पक्षांची माणसे मांडीला मांडी लावून हसत.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ झाले. तेव्हा मात्र हसू ओठांवर थिजले. नाना फडणविसांची आणि एका जातीची बदनामी झाली म्हणून गदारोळ उठला. मोजक्या प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले, कलावंतांनी थिएटर अकॅडमी स्थापून ते पुन्हा उभे केले. १९८० साली ते युरोपात जाऊ लागले तेव्हाही विरोध झालाच. वर्गात हे नाटक शिकवताना मी विद्यार्थ्यांना नेहमी एक गोष्ट न्याहाळायला सांगतो: नाना घाशीरामाला उभा करतो, वापरतो आणि अंगाशी आले की लोकांच्या हवाली करतो. पण मधल्या काळात ते लोक काय करत होते? रंगमंचावरची ती माणसांची भिंत गात होती, नाचत होती, पाठ फिरवत होती. ती भिंत म्हणजे आपण. नाटक बोचते ते म्हणून.

आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसले, तरी १० डिसेंबर १९७५ च्या ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अबू अब्राहम यांचे चित्र छापून आलेच: राष्ट्रपती आंघोळीच्या टबात बसल्या बसल्या वटहुकमांवर सही करताहेत! ‘शंकर्स वीकली’ मात्र त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बंद झाले होते. हुकूमशाहीला हसणे परवडत नाही, अशा अर्थाचे बोल लिहून शंकरनी वाचकांचा निरोप घेतला.

खिशातला छापखाना

आणि आज? आज विदूषक आपल्या खिशात आहे. सकाळी मंत्र्याने जीभ घसरू द्यावी, दुपारी त्यावर चित्र, गाणे, नक्कल तयार. रात्री ते शिळे. हे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला छापखाना परवडला नसता, अशा आडगावच्या पोराची तल्लख थट्टा आज देशभर जाते. जोखीमही संपलेली नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना अटक झाली. बंगालच्या तत्कालीन मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यावरचे एक गमतीचे चित्र त्यांनी ई-मेलने पुढे पाठवले होते; काढलेही नव्हते! त्यातून ते पुरते सुटले २०२३ साली. त्याच वर्षीच्या, म्हणजे २०१२ च्या सप्टेंबरात मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाखाली पकडले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते २४ मार्च २०१५ रोजी.

महापात्रांच्या प्रकरणात एक मोठा बदल दडलेला आहे. पूर्वी लिहिणारा स्विफ्ट वेगळा, छापणारा हार्डिंग वेगळा आणि वाचणारा नागरिक वेगळा असे. आता वाचक हाच हार्डिंग झाला आहे. बोट टेकवले की छापले आणि वाटले! मग छापणाऱ्याची जबाबदारीही आलीच ना आपल्याकडे? पण ती आपण घेतो का? चित्राखाली नाव नसते, गाव नसते. स्विफ्टचा मुखवटा दुबळ्याच्या बाजूने बलवानाशी झुंजण्यासाठी होता. आज कित्येकदा पक्षांचे प्रचारविभागच विनोदाचा घाऊक माल काढतात, आणि आपण त्याचे बिनपगारी फिरते विक्रेते होतो. बलवानाने मुखवटा घालून दुबळ्याला हसावे आणि आपण त्याला उपहास म्हणावे, हे काही खरे नव्हे.

२०१२ सालीच दुसरे एक प्रकरण झाले. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे एक चित्र होते: संविधानाच्या गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. संसदेत गदारोळ झाला, चित्र काढण्याचे ठरले आणि पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयावर हल्ला झाला. हल्ल्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण ज्यांच्या पूर्वजांच्या पाठीवर खरे चाबूक उठले, त्यांना चित्रातला चाबूक वेगळा दिसला, यात त्यांना विनोद कळत नाही असे म्हणून उडवून लावण्यासारखे काही नाही. हसणारा कुठे उभा आहे, यावर विनोदाचा अर्थ ठरतो. शंकरचे चित्र त्रेसष्ट वर्षांत बदलले नाही. भोवतालची माणसे बदलली.

स्विफ्टच्या लिलिपुट देशात दोन पक्ष आहेत, एक उंच टाचांचा आणि एक सखल टाचांचा. ते एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत. युवराजाची एक टाच उंच आणि एक सखल, म्हणून बिचारा लंगडत चालतो. १७२६ साली हे छापले तेव्हा लंडनमध्ये दोन्ही पक्षांची माणसे आपापले पाय चाचपत हसली असतील. आज आपण काय करतो? सखल टाचवाल्यांच्या गटात फक्त उंच टाचांवरचे विनोद फिरतात आणि उंच टाचवाल्यांच्या गटात फक्त सखल टाचांवरचे. आपल्या नेत्यावरचा विनोद आला, की तो विनोद राहत नाही, अपमान होतो. मग मावसभाऊ कुटुंबाच्या गटातून बाहेर पडतो आणि दोन जावा वर्षभर एकमेकींना फोन करत नाहीत. अशी घरे आज कोणत्या गावात नाहीत?

म्हणून जुन्या आणि नव्या उपहासाची तुलना करायची, तर मी धार किंवा भाषा मोजणार नाही. एवढेच पाहीन, की हसल्यावर आपल्या हाती काय उरले. ‘नम्र सूचना’ वाचून आयरिश वाचकाला सरकारची लाज वाटली आणि थोडी स्वतःचीही. ‘घाशीराम’ पाहून उठणाऱ्याला नानांबरोबर त्या भिंतीचीही आठवण राहते. ज्या थट्टेने फक्त शेजाऱ्याची लाज काढली आणि आपल्याला होतो तिथेच, होतो तसेच सोडले, ती कितीही खमंग असो, दुसऱ्या दिवशी शिळीच. ती छापण्यापूर्वी, क्षमा करा, पुढे पाठवण्यापूर्वी, हार्डिंगने घटकाभर थांबावे हे बरे.

येत्या भाऊबिजेला फराळाची ताटे समोर येतील आणि नेहमीप्रमाणे राजकारण निघेलच. निघू द्यावे. फक्त एक पथ्य करून पाहा. दुसऱ्याच्या पुढाऱ्यावर विनोद सांगण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या आवडत्या पुढाऱ्यावरचा एक चांगला विनोद सांगायचा. ज्याला तो आठवणार नाही, त्याने पुढच्या वर्षीच्या चकल्या आणायच्या!